माशाचं माहेर

उषाच्या घरी पाहुणा आला की नागोराव त्याला दोन वस्तू दाखवल्याशिवाय सोडत नसत. पहिली म्हणजे टीव्हीशेजारच्या टेबलावर अंथरलेला कशिद्याचा टेबलक्लॉथ. "हा हैदराबादचा. हिच्या रुखवतात आला होता. तीस वर्षं झाली, रंग हललेला नाही. शेवटी हैदराबादी माल." दुसरी म्हणजे त्याच टेबलक्लॉथवर ऐटीत बसलेला काचेचा मासा. "आणि हा इटलीचा. आमच्या बाईसाहेबांनी मोबाइलवरून मागवलाय. गावाचं नाव काय ते, मुरंबा."

"मुरानो," असं स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. माशाच्या बाबतीत नवऱ्याची चूक उषा तिथल्या तिथे सुधारायची. टेबलक्लॉथच्या बाबतीत मात्र ती गप्प राहून चहा ढवळत बसायची.

नागोराव मूळचे नांदेडकडचे. ऐन तरुणपणी तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, बोईसरला घर केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. जन्मभर पाइप आणि व्हॉल्व्ह पाहिलेला माणूस. त्यांच्या लेखी काच म्हणजे खिडकी, फार तर चष्मा. बायकोला या वयात काचेचं वेड लागावं याचं त्यांना नवल वाटायचं. पण वेड घरबसल्या होतं, कुणाला उपद्रव नव्हता, त्यामुळे त्यांनी ते चालू दिलं.

हे वेड लागायला तसं काही मोठं कारण नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक वैभवी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि दुपारचं घर उषाला खायला उठलं. मोबाइलवर डबे बघता बघता ती बरण्यांकडे गेली, बरण्यांवरून फुलदाण्यांकडे, आणि एक दिवस तिला तो मासा दिसला. पाठीवर नारिंगी पट्टे, पोटाशी निळे, आणि हे सगळे रंग जाड पारदर्शक काचेच्या आत कोंडलेले. पर आणि शेपटी मात्र बिनरंगाची, काच गरम असतानाच चिमट्यात धरून ओढलेली. तोंड उघडं, ओठ जरा पुढे. खाली लिहिलं होतं, 'हस्तनिर्मित, मुरानो, इटली, दुर्मीळ'. शिवणकामाच्या पैशांतून तिने तो मागवला आणि येईपर्यंत रोज दारावरची बेल वाजली की पदराला हात पुसत धावत गेली.

मासा आला तेव्हा त्याच्या तळाला निळ्या कडेचं एक चिमुकलं स्टिकर होतं. आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की पहिलं काम कोणतं, तर किमतीचं स्टिकर काढणं. किंमत काय लोकांना दाखवायची असते? उषाने खोबरेल तेल चोळलं, नखाने खरवडलं आणि तळ लख्ख केला. त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत हे तिच्या मनातही आलं नाही. विकणाऱ्याने खोक्यात टाकलेली, 'इटली' असं छापलेली सोनेरी चिठ्ठी मात्र तिने देवघरातल्या डबीत जपून ठेवली. जे ठेवायचं ते तिने खरवडून टाकलं आणि जे फेकायचं ते देवापाशी ठेवलं. पण हे तिला कळायला वेळ लागला.

सकाळचं ऊन खिडकीतून आलं की माशाचे रंग भिंतीवर उतरायचे. भाजी निवडता निवडता उषा थांबायची आणि नुसती बघत बसायची. पराच्या रेघांवरून बोट फिरवायची. कधी तो मासा वळतोय असं वाटायचं, कधी दम खातोय असं. तिला तो मनापासून आवडायचा. खास स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे त्याच्याशिवाय फारसं काही नव्हतं.

मग वैभवीचं भाग्येशशी जमलं. भाग्येश तिच्याच कंपनीतला, शिरगावच्या मच्छीमार घरातला. बोलणी करायला त्याचे वडील अण्णा आले. अण्णांची हयात होडीवर गेली होती आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोजकं बोलणारा माणूस. नागोरावांनी शिरस्त्याप्रमाणे टेबलक्लॉथ दाखवला, अण्णांनी मान डोलावली. मासा दाखवला, तेव्हा मात्र अण्णा खुर्चीवरून उठून टेबलासमोर उकिडवे बसले.

"याला आताच जाल्यातून काडलाय," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "तोंड कसा उगडलाय बगा. करनाऱ्याला मासा म्हाईत हाय."

"इटलीचा आहे," उषा म्हणाली, आणि चांगली छाती भरून म्हणाली. "अस्सल मुरानो. वैभवीच्या रुखवतात ठेवणार आहे. म्हणजे तुमच्याच घरी येणार."

झालं. अण्णांनी शिरगावला जाऊन भाग्येशच्या कबड्डीच्या ढाली कपाटातून काढल्या, पलंगाखाली सरकवल्या आणि मधला कप्पा पुसून रिकामा ठेवला. सुनेबरोबर इटलीचा मासा येतोय, हे आळीतल्या लहानथोरांना ठाऊक झालं. एरवी बोलायला महाग असलेला माणूस, पण या बाबतीत त्याने कसर ठेवली नाही. वैभवी हे सगळं घरी येऊन हसत सांगायची आणि उषाला मनातून फार बरं वाटायचं.

लग्न जवळ आलं तशी उषा रुखवताच्या मागे लागली. रुखवतात प्रत्येक वस्तूजवळ एक कार्ड असतं आणि त्यावर करणारीचं नाव असतं: लाडू अमक्या मावशीचे, क्रोशाचं तोरण तमक्या काकूंचं. माशाच्या कार्डावर नुसतं 'इटली' लिहिणं तिला अपुरं वाटलं. कुठल्या भट्टीचा, कुणाच्या हातचा, काहीतरी लिहायला हवं. म्हणून तिने काचेच्या हौशी लोकांच्या एका फेसबुक गटात माशाचे फोटो टाकले आणि कुणाला माहिती आहे का असं विचारलं.

उत्कर्षा नावाच्या एका बाईंचं उत्तर आलं. "मासा सुरेख आहे. पण ताई, हा मुरानोचा नाही. चीनमधला असावा, गेल्या पंधरा-वीस वर्षांतला. तळ घासून गुळगुळीत केलाय का बघा, तिकडचे बहुतेक तसेच असतात. नुसत्या तेवढ्यावरून ठरत नाही, पण असेच आणखी मासे शोधून पाहा, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल. इटली लिहिलं की वस्तू पटकन खपते, म्हणून चिनी काच चीनची म्हणून विकायला फारसं कुणी धजत नाही. खरं म्हणजे तिकडे काचेचं काम फार जुनं आहे. बोशान म्हणून जागा आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या चालत आल्यात. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या माशाचे पर बघा, चिमटा पक्क्या हातात होता."

उषाने तळावरून अंगठा फिरवला. तो आरशासारखा गुळगुळीत होता. मग ती मोबाइल घेऊन शोधत बसली. तोच मासा एका दुकानात मुरानोचा होता, दुसऱ्यात झेक देशातल्या बोहेमियाचा, तिसऱ्यात साठ वर्षं जुना आणि युरोपातल्या कुठल्याशा बंगल्यातून आलेला. एका माशाला माहेरं तरी किती! शेवटी एका घाऊक विक्रेत्याच्या पानावर तो सापडला. नवाकोरा, भावंडांसकट खोक्यात बसलेला, आणि प्रत्येकाच्या तळाला निळ्या कडेचं चिमुकलं स्टिकर. फोटो मोठा करून तिने अक्षरं वाचली. 'मेड इन चायना.'

तिला आधी राग आला, मग लाज वाटली. राग विकणाऱ्याचा आणि लाज अण्णांची. ती टेबलासमोर जाऊन बसली. आता हा मासा आपल्याला आवडणार नाही, अशी तिची जवळजवळ खात्री होती. पण ऊन आलं, रंग भिंतीवर उतरले आणि मासा कालच्याइतकाच सुंदर दिसला. उलट आज तिला नवीनच काहीतरी दिसलं. डोळा बसवताना करणाऱ्याचा हात किंचित सरकला होता, म्हणून तो मासा जरा तिरपा, खट्याळ बघत होता. हे इतके दिवस तिच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण इतके दिवस ती थोडीशी इटलीकडेच बघत होती.

संध्याकाळी वैभवी आल्यावर तिने दोघांना सांगून टाकलं.

"म्हणजे चायना माल?" नागोराव म्हणाले आणि कारखान्यातल्या हिंदी पोरांची म्हण त्यांना आठवली. "चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." ते हसले, मग बायकोचा चेहरा पाहून थांबले. "बरं, मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण बोलायचंच नाही."

"मी अण्णांना तोंडाने सांगितलंय इटलीचा म्हणून. आता खरं सांगायला हवं."

"आई, लग्नाच्या तोंडावर?" वैभवी म्हणाली. "त्यांनी ढाली काढल्यात गं कपाटातून. सगळ्या आळीला सांगून बसलेत. आता चीनचा म्हटलं तर त्यांचं हसं होईल. आणि मी घरात पाऊल टाकायच्या आधीच माझं नाव पडेल, फसव्यांची पोर म्हणून."

यात खोटं काहीच नव्हतं. उषाला ते लागलं, कारण पोरीचं सासर आणि आपली जीभ एकाच माशाला बांधली गेली होती, आणि बांधणारी ती स्वतःच होती.

"हे बघ," नागोराव समजुतीने म्हणाले, "जगात नावाला मान असतो. आता हा टेबलक्लॉथच घे. हैदराबादचा आहे म्हणून चारचौघांत सांगता येतो. हाच कुणी घरी बसून केलेला असता, तर मी दाखवला असता का कुणाला?"

उषाने टेबलक्लॉथकडे बघितलं. मग म्हणाली, "तो मी केलाय."

"काय?"

"टेबलक्लॉथ. लग्नाआधीच्या हिवाळ्यात. अंगणात खाटेवर बसून केला. रुखवत मांडताना काशीआत्या म्हणाली, घरी केलेलं म्हटलं तर मुलाकडचे नाक मुरडतील. तिने कार्डावर लिहिलं, 'हैदराबादहून खास.' तुमच्याकडच्या बायका बोट लावून बघत होत्या, हैदराबादची कारागिरी ती, म्हणत होत्या. मी शालू नेसून शेजारीच उभी होते."

खालच्या रस्त्यावरून शिफ्ट सुटलेल्या कामगारांची गर्दी चालली होती.

"आणि तू आजवर बोलली नाहीस?" नागोरावांनी विचारलं.

"पहिल्याच पाहुण्याला तुम्ही इतक्या कौतुकाने सांगितलंत. तेव्हा बोलले असते तर माझं माहेर खोटं पडलं असतं. मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मग तुम्ही दर वेळी कौतुक करत राहिलात आणि ते दर वेळी हैदराबादला जात राहिलं." तिने माशाकडे बोट केलं. "तिकडे कुणीतरी भट्टीपाशी घाम गाळून हा मासा केलाय. त्याचं कौतुक असंच रोज इटलीला चाललंय. आणि ते कार्ड आता मी माझ्या हाताने लिहू?"

नागोराव उठले. त्यांनी मासा सावकाश उचलून बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि टेबलक्लॉथचा कोपरा उलटा करून पाहिला. फिटरची नजर, काम तपासायचं तर ते मागच्या बाजूने. बराच वेळ ते टाके बघत होते. "एक गाठ दिसत नाही," एवढंच ते म्हणाले, आणि कोपरा पुन्हा सरळ करताना त्यांनी तो दोनदा हाताने सारखा केला.

सकाळी उषा उठली तेव्हा ते खाली स्कूटर पुसत होते. "मासा घे," ते म्हणाले. "शिरगावला जाऊन येऊ."

मासा जुन्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घट्ट धरून उषा मागे बसली. उमरोळी गेलं, पालघर गेलं, आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. एकही धड जुळेना. शिरगावचं सुरूचं बन दिसायला लागलं तेव्हा तिने जुळवणं सोडून दिलं.

अण्णा ओटीवर जाळं सांधत बसले होते. आत उघड्या कपाटाचा मधला कप्पा दिसत होता. त्यावर नवा कागद अंथरला होता, वर काहीच नव्हतं. उषा बसलीही नाही.

"अण्णा, हा मासा इटलीचा नाही. चीनमध्ये केलेला आहे. मला खोटं सांगून विकला, आणि मी खातरजमा न करता तुम्हाला सांगितलं. वैभवीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा."

अण्णांनी सुई जाळ्यात खोवली. टॉवेल सोडून मासा हातात घेतला, उन्हाकडे धरला, खाली केला.

"आलीतल्या समद्यांना सांगितलाय मी," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"समद्यांना." ते पुन्हा म्हणाले. मग विचारलं, "मंग केला कोनी हा?"

"नाव कळलं नाही. खूप शोधलं. कुणी लिहीतच नाही."

अण्णांनी मासा तिच्या हातात परत दिला. "बगू," ते म्हणाले. चहा झाला. निघताना उषाने वळून पाहिलं. कप्पा तसाच रिकामा होता आणि अण्णा जाळ्यात मान घालून बसले होते. येताना वाटेत नागोराव म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." उषाला मात्र काही बरं वाटत नव्हतं. लग्नाच्या दिवसापर्यंत तिला तो 'बगू' ऐकू येत राहिला.

लग्न पालघरच्या एका कार्यालयात होतं. माशाचं कार्ड उषाने स्वतः लिहून वैभवीच्या मैत्रिणींकडे दिलं होतं. 'काचेचा मासा. चीनमध्ये, भट्टीवर फुंकून, चिमट्याने ओढून केलेला. करणाऱ्याचं नाव आम्हाला माहीत नाही.' मैत्रिणींनी रुखवत मांडलं, नागोराव सकाळपासून त्यांच्यातच लुडबुडत होते, आणि उषाला ओट्या, आहेर आणि मानपान यांतून तिकडे फिरकायला सवड मिळाली नाही. खरं सांगायचं तर तिला जायची भीतीच वाटत होती.

शेवटी ती गेली तेव्हा शिरगावची मंडळी रुखवताभोवती जमली होती. एका गृहस्थाने कार्ड मोठ्याने वाचलं आणि तो हसला. "अण्णा, तू तं इटली बोललेला. हा तं चायना निगाला."

दोघं-तिघं हसले. उषा दारातच थांबली. अण्णा पुढे आले.

"मी बोललो ते चुकीचा होता," ते शांतपणे म्हणाले. "मना नीट म्हाईत नवता." उषाचं नावही त्यांनी काढलं नाही. "आता तू सांग. बाजारात बरफातला मासा येते, कुटला कुटला. विकनारे बोलतात, आताचा हाय, सातपाटीच्या बंदरातला. खोटा कोन, मासा का विकनारा?"

"विकनारा."

"मंग माशाला कशाला हसतो? याचा तोंड बग. आपले घरी येतो हाय तो. कपाट खाली करून ठेवलाय मी." आणि ते माशासमोर उकिडवे बसले, त्या दिवशी बोईसरला बसले होते तसेच. हसणारा गृहस्थही मग वाकून बघायला लागला.

उषाला एकदम हलकं वाटलं. मग ती माशाकडे गेली, आणि तेव्हा तिला दिसलं की मासा कशावर बसलाय. खाली तिचा टेबलक्लॉथ होता. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, चारी कोपरे नीट सोडलेले. ती काही तो घेऊन आली नव्हती. कोपऱ्याशी एक कार्ड उभं होतं, आणि कारखान्यात यंत्रांवर सूचना लिहाव्यात तशा ठळक, चौकोनी अक्षरांत त्यावर लिहिलं होतं: 'कशिदा: सौ. उषा. घरी, स्वतःच्या हाताने केलेला.'

कार्डाशेजारी नागोराव नव्या फेट्यात उभे होते आणि मुलाकडच्या बायकांना टेबलक्लॉथ दाखवत होते. "रुखवतातलाच आहे, हिच्या," ते म्हणत होते. "तीस वर्षं झाली, रंग हललेला नाही. शेवटी..." इथे त्यांची जीभ सवयीने पुढे जाणार, तेवढ्यात ती अडली. त्यांनी गर्दीत उषाला शोधलं.

एक म्हातारी कशिद्यावरून बोट फिरवत होती. तिने त्यांच्या नजरेच्या रोखाने मागे वळून पाहिलं. "विहीनबाई, ह्या तुमी केलाय?"

बोट लावून बघणाऱ्या बायका तशाच होत्या, शालू नेसलेली नवरी आता दुसरी होती. उषाचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "मी केलाय."